सदतीस भोकं

गहू भिजत घातले तेव्हा आईचा हात धड होता.
दुसऱ्या दिवशीचं पाणी बदलायच्या आत
नर्मदेच्या नळापाशी, पहाटे, शेवाळावर पाय सरकला.
घागर वाचली.
डॉक्टरांना तिने आधी हेच सांगितलं.

गव्हाला मनगटाचं काय.
तो तिसऱ्या दिवशी आंबला, वास जिन्याने खाली गेला,
सोलंकी भाभी पायरीवरूनच ओरडल्या,
"बन क्या रिया है, वहिनी?"
आणि वहिनी पलंगावर, हात गळ्यात,
क्रोशाची सुई प्लास्टरच्या आत सारून
खाज शोधत होत्या.

मी वाटलं, गाळलं, चीक खाली बसू दिला.
अण्णांनी सोऱ्या उघडून चकती उजेडात धरली.
भोकं झिजून एकमेकांत मिसळलेली.
"ह्याला चकती म्हणायचं, का
चाळणीचं म्हातारपण?"
मिल बंद झाल्यापासून एवढं लांब वाक्य
ते घरात बोलले नव्हते.

विजेच्या बिलाच्या पाठीवर कंपासने वर्तुळ,
मधे एक भोक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा.
तो कागद घेऊन भर लूमध्ये सायकलने सियागंज,
जुने जोडीदार इस्माईलभाई, त्यांची लेथ.
संध्याकाळी आले ते भुवईत पितळेचा किस घेऊन
आणि खिशात, रुमालात गुंडाळलेली,
सोन्यासारखी,
नाही, पितळेसारखीच चकती.

सकाळी सहाला छतावर.
(पुण्याची मावशी म्हणते, गच्ची म्हणा.
आम्ही छतच म्हणतो, ऊन तेच पडतं.)
आईची विरलेली माहेश्वरी, चार कोपऱ्यांना चार विटा.
चीक मी घोटला, गाठ होऊ न देता.
हेमूने वाटीभर गरम चीक तेल घालून खाल्ला,
मग दुसरी वाटी, मग पळाला.
अण्णा सोऱ्या दाबत होते, ओठ दातांत धरून,
आणि साडीवर उतरत होत्या
कुरडया नव्हेत, सुतळ्या.

"अर्ध्या सुताने चुकलो," ते म्हणाले.

आमच्या घरात सूत म्हणजे
मिलमध्ये चातीवर फिरायचं ते,
पट्टीवर इंचाचा आठवा भाग तो,
आणि शीतलामाता बाजारातून आई आणते ते,
पांढरं, गुंडीचं.
कुणाच्या सुताला कुणी हात लावायचा नाही
हे बत्तीस वर्षांत न बोलता ठरलेलं.

आईने एक ओली कुरडई मागवली, आणि तो कागद.
डाव्या हाताचं बोट ठेवत मोजलं:
एक, सहा, बारा, अठरा.
"अहो, हा तर माझा रुमाल.
गोल सपाट पडायला हवा
तर दर फेरीला सहाच वाढवायचे.
तुम्हाला कुणी सांगितलं?"
"लेथवर शिकलो."
"मला विचारायचं."
"तू कधी विचारलंस, मी दिवसभर काय करतो?"

मी कबुतरं हाकत वर उभी.
खिडकीतून त्यांचा आवाज येत राहिला,
भांडणाचा नव्हे,
भोकांचा, टाक्यांचा, फेऱ्यांचा,
ऊन डोक्यावर येईस्तोवर.

चार दिवसांनी एक तळून पाहिली.
कडेने फुलली, मधे दाताखाली खडा.
"भाजी करा," आई म्हणाली.
भिजवायची, कांदा, हिरवी मिरची, वरून जिरावन.
त्या उन्हाळ्यात नऊ वेळा खाल्ली.
एक पातेली इस्माईलभाईंकडे गेली,
पातेली परत आली ती शेवयांनी भरून,
केसासारख्या बारीक.
अण्णा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी
वीज कापायला माणूस दारात.
बिल भरलेलंच नव्हतं, आणि बिल सापडेना.
निघालं आईच्या क्रोशाच्या पिशवीत.
पाठीमागे, अठराच्या बाहेर,
पेन्सिलीने आणखी एक फेरी आखलेली,
शेजारी लिहिलेलं: चोवीस.
अक्षर वाकडं,
डाव्या हाताचं.